निर्जळी इंजिनाचा मालक

कॅलिफोर्नियातल्या भर उन्हाळ्यात, घाटाच्या चढणीवर, अगदी उजव्या लेनमधून एखादी १९६८ ची फोक्सवॅगन बस कण्हत चाललेली असते. तिच्यामागे ट्रकांची रांग लागलेली असते. आत कोण बसलंय हे डोकावून न बघताही सांगता येतं. पांढरी दाढी, नखांत मुरलेलं ग्रीस, आणि नजर रस्त्यापेक्षा ऑइलच्या तापमानाच्या काट्यावर जास्त. हा एअरकूल्डवाला.

त्याचा धर्म एका वाक्यात मावतो : हवा उकळत नाही आणि हवा गोठत नाही. मुद्दा मूळचा कंपनीच्या जुन्या जाहिरातींतला, पण तो सांगतो असा, की जणू खूप तपश्चर्येनंतर हे त्याला उमगलं. रेडिएटर, वॉटरपंप, होजपाइप, कूलंट ही सगळी त्याच्या लेखी दुबळ्या मनाच्या माणसांची सोय. १९८३ साली या बसच्या इंजिनात पाणी शिरलं, तेव्हापासूनच्या मॉडेलांना तो बस म्हणतच नाही. १९९८ मध्ये पोर्शची शेवटची एअरकूल्ड ९११ निघाली आणि त्यानं त्या घराण्याचंच नाव टाकलं.

अडचण एवढीच, की उन्हाळा दर वर्षी येतो. बाहेर ४५ अंश, गाडीत बायको, कुत्रा, तंबू आणि ‘वाटेत लागलं तर’ म्हणून घेतलेलं अर्धं गॅरेज. मागच्या बाजूला पंखा जिवाच्या आकांतानं हवा ढकलत असतो, पण ती हवाच तापलेली. त्यात या जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या कवचातच उभा, म्हणून तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाट्याला आडोशाची, आधीच कोमट झालेली हवा येते. एअरकूल्डवाल्याला स्वतःच्या मुलांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण तीन नंबरची तब्येत तो झोपेतही सांगेल.

मग एका रात्री त्याला सुचतं : पाण्याचा फवारा!

इथे धर्मसंकट उभं राहतं. पण निर्जळी उपवास करणाऱ्याला पाण्याचा घोट चालत नसला तरी चूळ भरलेली चालते. एअरकूल्डवालाही तशीच वाट काढतो. पाणी इंजिनाला द्यायचंच नाही. पंख्याच्या तोंडाशी बारीक नोझल लावायचं, धुकं सोडायचं, आणि गार झालेली हवा आत जाऊ द्यायची. ‘पाणी मी हवेला देतोय,’ तो बजावतो. ‘इंजिन कोरडंच आहे.’

शास्त्र त्याला तोंडपाठ. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच उकळतं पाणी वाफ होताना खेचून नेतं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत हे छान जमतं. समुद्रकाठच्या दमट हवेत फारसं काही होत नाही. तापलेल्या इंजिनावर थेट पाणी मारायचं नाही, धातूला तडा जायचा. पाणीही डिस्टिल्ड हवं, नाहीतर सिलिंडरच्या पंखांवर क्षारांचे थर बसतात. तो हे सगळं बरोबर सांगतो. त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं ते यामुळेच.

साहित्यही तो अभिमानानं दाखवतो. बीटलमध्ये काच धुण्याचं पाणी स्टेपनीच्या हवेच्या दाबावर उडायचं, म्हणून पहिला प्रयोग त्याच तत्त्वावर. फवारा झकास उडाला. वाटेत चाक पंक्चर झालं तेव्हा स्टेपनीत हवा बेताची होती. मग टाकी आली, विजेचा पंप आला, नळ्या आल्या, डॅशबोर्डवर लाल बटण आलं.

बायको हे सगळं पाहत होती. ती रोज पाणी भरलेल्या टोयोटातून कामावर जाते.

‘टाकी, पंप, नळ्या आणि समोर पंखा,’ तिनं बोटांवर मोजलं. ‘याला बाकीचे लोक रेडिएटर म्हणतात.’

‘रेडिएटरमधलं पाणी फिरून परत येतं,’ तो म्हणाला. ‘माझं जातं ते जातंच.’

त्याच्या दृष्टीनं हा बिनतोड युक्तिवाद होता.

त्याच्याच पंथातला एक म्हातारा मेकॅनिक एकदा इंजिनाचं झाकण उघडून आत वाकला. म्हणाला, ‘अरे, कडेची रबरी पट्टी फाटलीय. खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा वर ओढतोय. पत्रे नीट बसव, पंखांमधला चिखल काढ, टायमिंग तपास.’ एअरकूल्डवाल्यानं मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आभार मानले आणि घरी जाऊन दुसरं नोझल बसवलं. रबराची पट्टी बदलणं म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती काय, कुणीही करतो.

त्याला खरंतर गार इंजिन नकोच आहे. इंजिन गार झालं तर रविवारी गॅरेजमध्ये काय करायचं?

खरी कसोटी डेथ व्हॅलीत. तिथून बाहेर पडणारा टाऊन पासचा रस्ता समुद्रसपाटीखालून निघून जवळजवळ ५,००० फुटांवर चढतो. अशा चढणींवर कडेला ‘रेडिएटर वॉटर’ असं लिहिलेल्या टाक्या ठेवलेल्या. आयुष्यभर तो त्यांच्याकडे न बघता पुढे गेला. गेला म्हणजे ताशी पंचवीस मैलांनी, पण गेला. या खेपेला मात्र अर्ध्या चढातच फवाऱ्याची टाकी कोरडी पडली. त्यानं बस वळणाआड उभी केली आणि कॅन घेऊन, ‘यात क्षार किती असतील’ असं पुटपुटत, पायीच टाकीपाशी आला. तिथे बॉनेट उघडून एक तरुण वाफेच्या ढगात उभा होता.

‘तुमचाही रेडिएटर उकळला का?’ त्यानं सहानुभूतीनं विचारलं.

‘माझ्या गाडीला रेडिएटरच नाही,’ एअरकूल्डवाला ताठ मानेनं म्हणाला.

तरुणानं भरत आलेल्या कॅनकडे पाहिलं. ‘मग हे पाणी कुणाला?’

‘हवेला.’