सरासरीच्या साहेबांस

मा. ग्राहक किंमत निर्देशांक साहेब,
मुक्काम दिल्ली.



आपलं अभिनंदन जरा उशिराच करतेय, राग नसावा. ऑक्टोबर 2025 मध्ये आपली वर्षाची वाढ 0.25 टक्क्यांवर आली आणि खाण्यापिण्याचे जिन्नस वर्षभरात 5.02 टक्क्यांनी उतरल्याचं आपण जाहीर केलंत. ही बातमी लागली तेव्हा मी विळी घेऊन नारळ खवत होते. म्हणजे अर्धा. दुसरी कवड फ्रीजमध्ये, परवाच्या कालवणाला.

मग किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ऑक्टोबर 2024 मध्ये हेच जिन्नस आपण 10.87 टक्क्यांनी चढवले होते. म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी 100 रुपयांना येणारं सामान 110 रुपये 87 पैशांवर गेलं, आणि आपल्या कृपेने वर्षभराने 105 रुपये 30 पैशांना मिळालं. पाकीट मारणाऱ्याने त्यातली अर्धी रक्कम परत करून वर आभाराची अपेक्षा धरावी, तसं झालं हे.

भाव उतरले ते खरेच, खोटं कशाला बोलू? टोमॅटो उतरला, डाळी उतरल्या, कांदा तर कोसळला. (लासलगावच्या शेतकऱ्यांना मात्र अभिनंदनाचं पत्र धाडू नका.) पण साहेब, आम्ही पडलो रायगडच्या किनाऱ्यावरची माणसं. आमचं ताट म्हणजे भात, कालवण आणि जमलं तर तळलेली तुकडी. कालवणाला वाटण लागतं, वाटणाला नारळ लागतो, आणि सुट्टा नारळ पन्नाशीला टेकला तेव्हा आपण टोमॅटोकडे बघत होतात. आपल्या 2012 च्या यादीत नारळ शोधला तर तो सापडला फळांच्या रांगेत, केळी-सफरचंदांच्या शेजारी! आमच्याकडे कुणी जेवणानंतर नारळ कापून खात नाही हो.

‘वाडी आहे ना तुमची, मग विकत कशाला घेता?’ असं आपण विचाराल. वाडी आहे. तिच्यातले माड 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आडवे झाले. लावलेला माड हाताशी यायला पाच-सात वर्षं घेतो, आपल्यासारखा दर महिन्याला आकडा देत नाही. तोवर दक्षिणेचा नारळ घ्यायचा, आणि तिकडेही पीक घटलेलं. वादळाने रिकाम्या झालेल्या शेजारच्या वाडीत आता मुंबईकरांचा बंगला उभा आहे. त्यात शोभेचे दोन माड आहेत. त्यांचे नारळ कुणी काढत नाही, ते पडतात आणि कुजतात.

मासळीचं तर विचारूच नका. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हापासून तो आमच्यासारख्यांना भेटत नाही. पद मिळालं की माणसं बदलतात, मासेही बदलत असतील. शनिवारी मांडव्याला रो-रो लागते, अटल सेतूवरून गाड्यांची रांग येते, आणि बाजारात पाय ठेवावा तर कोळीण सुरमईवरचा हातच काढत नाही. ‘ती हॉटेलची हाय, तू मांदेलीचा वाटा घे.’ तिला तरी काय बोलणार? होडीला डिझेल लागतं, बर्फ लागतो, आणि जून-जुलैत बंदीमुळे चूल पेटवायची ती उरलेल्या दहा महिन्यांच्या कमाईवर. मी मांदेलीच घेते. पूर्वी ती वाट्यावर दोन जास्तीचे टाकायची, आता मोजून देते. तेवढ्यावरून मला महागाई कळते, आपली वाट बघावी लागत नाही.

आमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. कार्ले-खंडाळ्याच्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले तर पोटात दुखायचं कारण नाही. रस्त्याकडेच्या माळा गाड्यांच्या डिकीत जातात, आम्ही नाशिकचा लाल कांदा घेतो.

आणि हो, फेब्रुवारी 2026 पासून आपण म्हणे डाएटवर आहात. यादीतला खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्क्यांवरून 37 च्या आसपास आणलात. देश श्रीमंत झाला की माणसं खाण्यावर कमी आणि इतर गोष्टींवर जास्त खर्च करतात, असं त्यामागचं शास्त्र. आमच्याकडेही इतर खर्च वाढलाय खरा. मुलाची फी वाढली, मोबाइल वाढला, म्हणून खाण्यातून काढलं. आता त्याला श्रीमंती म्हणायचं असेल तर आम्ही या वर्षी बरेच श्रीमंत झालो.

एकदा या जेवायला. शनिवार सोडून या. श्रावणातही चालेल, तेव्हा वालाची उसळ असते, फक्त वरचं खोबरं जरा हात आखडून घातलेलं दिसेल. निघताना पाहुण्याच्या हातावर नारळ ठेवायचा रिवाज आहे, पण सध्या गावात ओटीचे नारळ फुटत नाहीत, या घरातून त्या घरात फिरतात. तेव्हा आपल्याला श्रीवर्धनी रोठा सुपारी देईन. ती आपल्या यादीत पान-तंबाखूच्या खात्यात मोडते, त्यामुळे अन्नाचा आकडा बिघडणार नाही.

आपली नम्र,
चौल-रेवदंड्याकडची एक सरासरी गृहिणी