खाणारं कोण आहे?

शहापूर-मुरबाडकडच्या नोकरदाराला कर किती बसावा हे दिल्लीत ठरतं, अशी एक भाबडी समजूत आहे. प्रत्यक्षात ते हळदीच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर आणि गणपतीच्या पावतीपुस्तकाभोवती कधीच ठरलेलं असतं. "गुरुजी, तुम्हाला काय कमी? दोघं कमावते, खाणारं कोण आहे?"

मी शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, आमच्या बाई मुरबाड तालुक्यात तशाच शाळेवर, पदरी मूलबाळ नाही. एवढी माहिती हाती लागली की पावती फाडणारा हात आपोआप एक शून्य जास्त काढतो. दिल्लीकरांनी त्यात आपल्या परीने भर घातली आहे. आयकर काढून झाला की त्यावर ४ टक्के 'आरोग्य आणि शिक्षण उपकर'. शिक्षण कोणाचं, असं विचारायची सोय नाही. दिवसभर शिकवायचं मीच आणि त्याचा उपकरही मीच भरायचा.

त्यातून फेब्रुवारी. बाराही महिन्यांत दिवस सर्वांत कमी, कापाकापी सर्वांत जास्त. वर्षभराच्या आयकराचा जो हिशेब उरलेला असतो तो या पगारातून निघतो, आणि एरवी २०० रुपये जाणारा व्यवसाय कर याच महिन्यात ३०० होतो, कारण वर्षाचे अडीच हजार भरायला शंभर कमी पडतात. आम्ही दोघं, म्हणून दोनदा. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवाळी उलटली की आमच्या वर्गातली कातकऱ्यांची पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि हजेरीपटावर नुसती नावं राहतात, तेव्हा हमी कोणाला मिळाली हे मनात येतंच. असो. देऊन विसरायचं, ही शहापूरची जुनी सवय आहे. तानसाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं १८९२ साली, पुढे भातसाही गेली, आणि उन्हाळ्यात आमचे पाडे टँकरची वाट बघतात. मुरबाडचं वेगळं नाही. तिथलं धसई २०१६ च्या डिसेंबरात कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा केवढा गाजावाजा झाला! पगारदाराला त्याचं कौतुक काय असणार? त्याची कॅश हातात पडण्याआधीच लेस झालेली असते.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आमचं लग्न झालंय की नाही, यावर सरकारचं एकमत होत नाही. बदलीच्या वेळी 'पती-पत्नी एकत्रीकरण' नावाचा रकाना असतो. त्यात दोन शाळांमधलं अंतर तीस किलोमीटरच्या वर आहे का ते तपासतात, विवाहाचा दाखला मागतात. तिथे आम्ही नवरा-बायको. आयकराच्या दारात गेलो की दोन पॅन क्रमांक, एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नवरा-बायकोला एकत्र विवरणपत्र भरू द्या, असं सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सुचवलंही होतं, पण कोणी मनावर घेतलं नाही. मात्र मी माझे पैसे बाईंना द्यावेत, त्यांनी ते मुदत ठेवीत ठेवावेत आणि व्याज यावं, की तेच आयकर खातं लगबगीने पुढे येतं: हे उत्पन्न तुमचंच, कारण त्या तुमच्या पत्नी! १९६१ च्या कायद्यात याला अख्खं ६४ वं कलम होतं. वसुलीची वेळ आली की सरकारला आमचं लग्न वऱ्हाडासकट आठवतं.

ही विसराळू पद्धत नेहमीची नव्हती. १९५५ च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांना २,००० रुपयांपर्यंत करमाफी दिली आणि अविवाहितांची मर्यादा १,००० वर आणली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या कृष्णम्माचारींनी पाळण्यापर्यंत हिशेब नेला: विवाहिताला ३,०००, एक मूल असेल तर ३,३००, दोन असतील तर ३,६००. तिसऱ्याला काही नाही. तेव्हाच्या हिशेबात आम्ही तीन हजारवाले, म्हणजे ब्रह्मचाऱ्यापेक्षा बरे आणि बापापेक्षा कमी. गावातही आमची पायरी नेमकी तीच आहे.

मग शाळेच्या फीवर वजावट आली, दोन मुलांपुरती. मुलामागे महिना शंभर रुपयांचा शिक्षण भत्ता करमुक्त होता, वसतिगृहात असेल तर आणखी तीनशे. त्याच वेळी राज्य सरकार २००५ पासून नोकरी देताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र घेतं, आणि तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं पद जातं. म्हणजे दोनाच्या आत राहा हा सरकारी हुकूम. आम्ही तर शून्यावर राहिलो! लाल त्रिकोणाच्या इतिहासात इतकी काटेकोर अंमलबजावणी क्वचित झाली असेल. वजावट राहू दे, निदान पंचायत समितीच्या सभेत एखादा नारळ?

नव्या करप्रणालीने हा अन्याय दूर केला, तो अस्सल सरकारी पद्धतीने. आम्हाला काही दिलं नाही, मुलंबाळंवाल्यांचंही काढून घेतलं. शेजारचे गुरुजी एकटे कमावते, घरी बायको आणि दोन मुलं. २०२५-२६ चं त्यांचं करपात्र उत्पन्न सव्वातेरा लाख, म्हणून उपकरासह ८१,९०० रुपये कर. दोघांनी बारा-बारा लाख कमावणाऱ्या जोडप्याला शून्य. हा हिशेब त्यांनी मला कागदावर मांडून दाखवला आणि थंडपणे विचारलं, "आता बोला, रडायचं कोणी?" मी चहा मागवला. पैसे मीच दिले, कारण खाणारं कोण आहे.

आमच्याकडे खाणारं आहे, पण ते कायद्याला दिसत नाही. पुतण्या आसनगावहून लोकल पकडून कल्याणला कॉलेजला जातो. फी आम्ही भरली. जुन्या प्रणालीतही त्यावर वजावट नव्हती, कारण मूल स्वतःचं लागतं. मी त्याला पैसे दिले तर त्याला कर नाही, कारण काका हा पुतण्याचा नातेवाईक. उद्या तो कमावता झाला आणि त्याने मला पैसे दिले, तर मात्र आयकराच्या यादीत पुतण्या काकाचा नातेवाईक नाही! परक्याने दिलेली भेट वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेली की सगळीच्या सगळी माझ्या उत्पन्नात. स्वतःचा मुलगा असता तर लाखो रुपये देऊन मोकळा.

परवा जेवताना पोरगा भाबडेपणाने म्हणाला, "काका, म्हातारपणाची काळजी करू नका, मी आहे ना!" बाईंचे डोळे भरून आले. मी भाकरी मोडत त्याला समजावलं: बघ बाबा, पण वर्षाला पन्नास हजारांच्या आत बघ. फारच माया दाटून आली तर पुढचे पन्नास काकूच्या खात्यावर टाक. तिचा पॅन वेगळा आहे.