बेणं बदला!

वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाबरोबर दोनच विषय चालतात, ऊस आणि राजकारण. तिसरा, फुटबॉलचा, आमच्या पुतण्यानं आणला. पुण्यात शिकायला होता तेव्हा बालेवाडीच्या मैदानावर जाऊन त्यानं एफसी पुणे सिटीचा केशरी टी-शर्ट घेतला. आता रात्रीच्या लाइटला उसाला दारं धरताना तोच अंगात असतो.

परवा त्यानं टपरीवर या क्लबचं ‘दीर्घकालीन धोरण’ उलगडून सांगितलं. २०१४ साली क्लब निघाला. मालकांत हृतिक रोशन, जोडीला इटलीचा फिओरेन्टिना, प्रशिक्षकही इटलीचाच, कोलोंबा. पुढच्या वर्षी इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट. मग कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा हबास. मग सर्बियाचा पोपोविच; त्यानं संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेला, म्हणून तोही पुढच्या हंगामाला नव्हता. (चांगलं काम केल्यावर बदली व्हायला सरकारी नोकरीच लागते असं नाही.) २०१८ ला स्पेनचा पोर्तुगाल (हे आडनाव) आला. तीन सामने झाले, गेला. आमच्याकडे उचल घेतलेला मुकादमसुद्धा याहून जास्त फड बघतो.

“पण मंडळाचा विश्वास होता ना त्याच्यावर?” तात्यांनी विचारलं.

“पूर्ण विश्वास होता.”

“मग गेलाच की!” तात्या साखर कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेत ‘पूर्ण विश्वास’ ऐकला की कुणाचं सामान बांधायला घ्यायचं, हे त्यांना पाठ आहे.

पुतण्यानं मग फर्ग्युसन काढला. १९८६ ला मँचेस्टर युनायटेडला आला, पहिला करंडक १९९० ला, आणि २०१३ पर्यंत हलला नाही. टपरी गप्प झाली. शेवटी तात्याच म्हणाले, “साडेतीन वर्षं काहीच नाही, अन् तरी ठेवला? सोयरा असंल कुणाचा तरी.”

आडसाली ऊस पावसाळ्यात लावला की सोळा-अठरा महिन्यांनी तोडीला येतो. मधे पाऊस दडी मारतो, डाव्या कालव्याचं आवर्तन लांबतं, हुमणी लागते. पण तिसऱ्या पाळीलाच कुणी ‘बेणं बदला’ म्हणून ओरडत नाही. पुण्यात पाच हंगामांत पाच वेळा बेणं बदललं. मधला हंगामी प्रशिक्षक वेगळाच. २०१९ ला रानच मोडलं. त्या जागी हैदराबादचा संघ आला, पुण्याचा शेवटचा प्रशिक्षक फिल ब्राउन तिकडे गेला आणि २०२० च्या जानेवारीत तिथूनही सुटला.

तेव्हा कुणा क्लबला धोरणी माणूस हवा असेल, तर आमचे तात्या रिकामे आहेत. फुटबॉल त्यांना कळत नाही, पण ही अडचण मंडळांनाही कधी आलेली दिसत नाही. मानधनाचं बघून घेऊ. अट एकच: अठरा महिने रानात कुणी पाय ठेवायचा नाही.