नानांचा प्रेक्षक

नानांना श्रोते डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळतात. साताऱ्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ गावोगावच्या व्याख्यानमालांतून पानिपत सांगत हिंडतो, आणि बोलताना एक कान कायम सभागृहात सोडून ठेवतो. खुर्च्या करकरू लागल्या की तहाची कलमं गुंडाळायची आणि किस्सा काढायचा. एकाच्या खोकल्याने दुसऱ्याला खोकला लागला की तांब्याकडे हात न्यायचा. वक्ता पाणी पितो तेवढ्यात सभा खोकून घेते आणि ताजीतवानी होते. बायकांच्या बाजूने बांगड्या वाजल्या, म्हणजे साडेआठ झाले आणि घरी कुकर लावायचाय. हे शास्त्र नानांनी स्वतःच रचलंय, आणि ते चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

२०२० साली गुढीपाडवा आणि देशभरची टाळेबंदी एकाच दिवशी आली, २५ मार्चला. वक्त्यांची सुगी एप्रिल-मे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून आपल्याकडे उन्हाळ्यात आंबे आणि विचार बरोबरीनेच पिकतात. त्या वर्षी आंबे कसेबसे घरपोच आले, विचार मात्र अडकून पडले. नाना महिनाभर गॅलरीत येरझारा घालत होते. शेवटी एका मंडळाचा फोन आला, "नाना, झूमवर करू या."

पहिलं व्याख्यान लावून द्यायला शेजारी या नात्याने मी हजर होतो. संयोजक उत्साहाने म्हणाला, "सगळ्यांना म्यूट केलंय नाना, तुम्ही निवांत बोला." नानांचा चेहराच पडला. श्रोत्यांची तोंडं बांधून त्यांना व्याख्यान द्यायचं, हे कुठल्या शिष्टाचारात बसतं? तरी बोलले. नजीबखान, दत्ताजी, बुराडी घाट. बुराडी घाटाचं दुःख हलकं करायला त्यांनी पुढे एक विनोद पेरून ठेवलाय. साताऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत तो कधी वाया गेलेला नाही. नानांनी तो टाकला आणि हशा ओसरण्यासाठी सवयीने थांबले. ओसरायला काही नव्हतंच. पंखा तेवढा फिरत राहिला.

रात्री माझ्या दारावर टकटक.

"लोक हसले का हो?"

"हसले की. मी बघत होतो, दात दिसत होते."

"किती जणांचे?"

पुढच्या व्याख्यानाला त्यांनी माईंना लॅपटॉपच्या मागे स्टुलावर बसवलं. काम एकच, हसायचं. माई मेथी निवडत बसल्या. पण हे पानिपत त्यांनी संसारात इतक्यांदा ऐकलं होतं, की विनोद यायच्या दोन वाक्यं आधीच त्या हसून मोकळ्या झाल्या. पलीकडच्यांना ऐकू आलं ते असं: दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, आणि मागे एक बाई खुदकन हसली.

माईंची नेमणूक त्याच दिवशी रद्द झाली. मग नातवाने सूत्रं हातात घेतली. "आजोबा, तुम्ही स्क्रीनवरच्या तोंडांकडे बघता ना, म्हणून त्यांना वाटतं तुम्ही खाली जमिनीकडे बघताय. वर कॅमेऱ्यात बघायचं." कॅमेरा म्हणजे लॅपटॉपच्या माथ्यावरचा मोहरीएवढा ठिपका. मोहरीला पानिपत कसं सांगायचं, हा नानांचा रास्त प्रश्न. नातवाने आजीच्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि एक लाल टिकली कॅमेऱ्याशेजारी चिकटवली. नाना टिकलीशी बोलू लागले, आणि इतके जीव ओतून, की ठाण्याच्या एका बाईंनी मेसेज धाडला, "सर थेट माझ्याशीच बोलतायत असं वाटलं." माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं ती आमच्या कपाळावर आहे, तिच्याकडे नाही कुणी एवढं बघितलं."

सुरुवातीला व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेणं हा नानांचा कुळाचार. झूमवर व्यासपीठच नाही. अध्यक्ष आणि अध्यक्षांचा नातू एकाच मापाच्या चौकोनात. कुणाला मोठं म्हणावं? नानांनी सगळ्यांनाच मान्यवर केलं आणि चौकोनाखालचं प्रत्येक नाव वाचून स्वागत सुरू केलं. "कुलकर्णी वहिनी, नमस्कार. आयफोन, या. रेडमी नोट नाईन प्रो, आपण गेल्या वेळीही होतात, आनंद वाटला." लोक म्यूटमध्ये हसून लोळत होते, नानांना पत्ता नाही. पण रेडमी नोट नाईन प्रोचा कॅमेरा उघडला. आत चिपळूणचे एक निवृत्त पोस्टमास्तर, बनियनवर. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, "एक मिनिट हं" म्हणून सदरा घालून आले आणि शेवटपर्यंत ताठ बसून राहिले. पुढच्या वेळी सगळ्या मोबाइलांना माणसांची नावं होती.

मी थट्टा करतोय खरी, पण त्या काळात ऐकलेली बाकीची भाषणं आठवली की नानांच्या बाजूने साक्ष द्यावीशी वाटते. मोठमोठे तज्ज्ञ असायचे. स्क्रीन शेअर केला की आधी डेस्कटॉपवरच्या ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘हीच फायनल’ या फायलींचं दर्शन. मग स्लाइड शो सुरू न करता तशीच उघडलेली फाइल, डावीकडे बारक्या स्लाइडांची न संपणारी माळ, आणि प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. आपल्याला दिसतंय तेच ते आपल्याला वाचून दाखवणार, अगदी शेवटच्या स्लाइडवरच्या ‘धन्यवाद’सकट. ऐकणारा जागा आहे की भाजी आणायला गेलाय, याची या मंडळींना काही पडलेली नसायची. नानांकडे चित्र एकच, स्केचपेनने काढलेला पानिपतचा नकाशा. तो ते कॅमेऱ्यापुढे धरायचे आणि स्क्रीनवर यमुना पानिपतच्या पश्चिमेला गेलेली पाहून कासावीस व्हायचे. आरशासारखं उलटं फक्त त्यांनाच दिसतंय, लोकांची यमुना जागच्या जागी आहे, हे नातवाने विद्येची शपथ घेऊन सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

प्रश्न विचारायची मास्तरी खोड मात्र झूमला मानवली. "भाऊसाहेब पानिपतावर लढले तेव्हा त्यांचं वय काय असेल? लिहा बरं." एवढं म्हणून ते खरोखर थांबायचे. पाच सेकंद थांबून स्वतःच उत्तर देऊन टाकणारे वक्ते वेगळे. मोबाइलवर मराठी लिहायला वेळ लागतो, हे नानांना स्वतःच्या बोटांवरून ठाऊक. पन्नास, पंचेचाळीस, एक पंचावन्न. "तीस," नाना हळूच म्हणायचे, "आणि विश्वासराव विशीच्याही आत." मग चॅटमध्ये बराच वेळ काहीच यायचं नाही, आणि ते मौन एव्हाना नानांना वाचता येऊ लागलं होतं.

चॅट मात्र ते अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायचे. "‘गॅस बंद केलास का?’ हे कोण विचारतंय? अहो, उत्तर द्या कुणीतरी, बाई काळजीत आहेत."

एका मंडळाने झूमची वर्गणी वाचवली. फुकटातली सभा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, आणि नानांचं पानिपत दीड तासाचं. चाळिसाव्या मिनिटाला मराठ्यांनी नुकताच कुंजपुरा जिंकला होता. तिथेच पडदा पडला. पुन्हा लिंक उघडण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज आला, "पानिपतचा हा विजय आम्हाला माहीतच नव्हता. फार अभिमान वाटला." नाना दोन दिवस जेवले नाहीत. मग कागद घेऊन बसले आणि दीड तासाचं व्याख्यान अडतीस मिनिटांत बसवलं. अब्दालीने यमुना ओलांडली ती पाऊण मिनिटात. बुराडी घाटानंतरचा विनोदही कापला गेला, आणि त्याबद्दल माईंनी शिरा केला.

सभागृहं उघडल्यावर पहिलं निमंत्रण कराडहून आलं. नानांना सोबत म्हणून मी गेलो. डायसवर हार, समई, अध्यक्ष, सगळं जागच्या जागी. नानांनी आधी मान्यवरांची आणि मग पहिल्या तीन रांगांतल्या प्रत्येकाची नावं विचारून घेतली. संयोजक घड्याळ बघत राहिला. भाऊसाहेब दिल्लीत पोचले असतील नसतील, दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांची हनुवटी छातीला टेकली आणि डोळे मिटले. नाना थांबले. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, अत्यंत आदराने म्हणाले, "दुसऱ्या रांगेतले काका, आपला कॅमेरा बंद झालाय."

आजोबा दचकून उठले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि नानांकडे वाकून ओरडले, "आता? आता दिसतोय का मी?"