साठ वर्षांचा पट्टा

‘विकत घेतलं’ म्हणजे नेमकं काय घेतलं, हे नवीन पनवेलकराला समजावून सांगावं लागत नाही. घर आपलं, जमीन सिडको या सरकारी महामंडळाची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. पण हाच चोखंदळ गृहस्थ चिरंजीवांना पाचेक हजारांचा व्हिडिओ गेम डाउनलोड करून देताना पट्टा किती वर्षांचा, हे विचारत नाही.

विचारावं. युबिसॉफ्टने २०१४ साली बाजारात आणलेल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि मग ग्राहकांचे परवानेही काढून घेतले. डिस्क कपाटात जपणारे शहाणेही हात चोळत बसले. सर्व्हरशिवाय ती चालतच नव्हती. त्याच वर्षी आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोला डिस्कची खाचच नाही, हवी तर वेगळी विकत घ्या. निन्टेंडोने तर पुढच्या वर्षी कमाल केली: स्विच २च्या काही कार्डांत गेमच नसतो, डाउनलोडची किल्ली तेवढी असते. रिकाम्या खोलीची चावी, तीही छान वेष्टनात!

कॅलिफोर्नियाने कायदा केला, की हा निव्वळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. सांगतात, आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो.

पूर्वीच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं असे आणि आत तेच चार-पाच गेम फिरून फिरून येत. थाप होती, पण शेजारच्या बंड्याला उसनी देता येत होती. सिडकोसुद्धा हस्तांतर शुल्क घेऊन का होईना, घर दुसऱ्याच्या नावावर करू देते. डाउनलोड केलेल्या गेमला ना-हरकत दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?