लाहीचे वेषांतर

(एकपात्री प्रयोग. स्थळ : न्यू जर्सीतील एडिसन येथील एका सभागृहाचा रंगमंच. मधोमध लांब टेबल. त्यावर विजेची शेगडी, काचेच्या झाकणाचे पातेले, पाण्याचा पेला आणि पांढऱ्या कापडाखाली झाकलेली मोठी परात. व्याख्याते बंद गळ्याच्या कोटात प्रवेश करतात, चष्मा पुसतात, कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ करतात आणि शेगडी लावून अध्यक्षीय सुरात वाचू लागतात.)

हॅलोवीनचे पॉपकॉर्न-मिश्रण म्हणजे मक्याच्या लाह्या, साखरेच्या पाकाचा किंवा चॉकलेटचा लेप, खारी प्रेट्झेल बिस्किटे, रंगीत गोळ्या आणि साखरेचे डोळे यांचा असा संयोग, की ज्यातील प्रत्येक घटक सुटा असताना निर्धास्तपणे खाता येतो, परंतु एकत्र केल्यावर मात्र तो आधी दुसऱ्या कोणी तरी खाऊन दाखवावा अशी अपेक्षा उत्पन्न होते. ज्या सणासाठी हे मिश्रण केले जाते तो 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी येत असून, 1 नोव्हेंबरच्या ख्रिस्ती सर्वसंतदिनाची ती पूर्वसंध्या होय. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी तो अमेरिकेत रुजवला, आणि मायदेशी ज्या सलगमात कोरीव तोंड काढून ते दिवा ठेवीत, त्याऐवजी येथे त्यांना भोपळा मिळाला. स्थलांतरानंतर भुताला एवढे मोठे घर कसे मिळाले, हे एडिसनच्या स्थलांतरित मराठी श्रोत्यांना विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. (थांबून) कर्जाचे हप्ते भूत भरते की भोपळा, याविषयी साधने मौन बाळगतात.

(पातेल्यातून पहिला ‘टप्प’. व्याख्याते दचकतात आणि दचकलो नाही असे दाखवण्यासाठी पान उलटतात.)

मक्याच्या प्रत्येक वाणाची लाही होत नाही. ज्याची होते त्या वाणाच्या दाण्याचे कवच जाड आणि जवळजवळ हवाबंद असते, आणि आत पिष्टाबरोबर साधारण 14 टक्के पाणी असते. दाणा तापू लागला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, कवच तिला वाट देत नाही, आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पटींपर्यंत चढत जातो, पिष्ट शिजून लिबलिबीत होते, आणि तापमान 180 अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की कवच एकाएकी हार मानते, पिष्टाचा फेस होऊन तो क्षणार्धात फुगतो आणि फुगता फुगताच थंड होऊन घट्ट होतो. एखाद्या मंडळाच्या वार्षिक सभेत खजिनदाराचेही शेवटच्या अर्ध्या तासात हेच होत असते, मात्र फुटल्यानंतर तो पांढराशुभ्र आणि हलका होत नाही, एवढाच भेद.

(टप्प. टप्प टप्प.)

हा आवाज नेमका कशाचा, याचाही शोध लागलेला आहे. इमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांडर पोनोमारेन्को या फ्रेंच संशोधकांनी 2015 मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यापुढे दाणे भाजून असे दाखवून दिले की, हा आवाज कवच फाटल्याचा नाही किंवा लाही भांड्यावर आपटल्याचाही नाही, तर कोंडलेली वाफ एकदम सुटल्याचा आहे. आणि त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की फुटणारा दाणा पिष्टाचा एक पाय बाहेर काढतो, तो पाय भांड्याच्या तळावर दाबतो, उसळी घेतो आणि हवेत कोलांटी मारतो. (व्याख्याते एक पाय पुढे टाकतात, गुडघा किंचित वाकवतात, थोडा वेळ विचार करतात आणि पाय मागे घेतात.) प्रात्यक्षिक छापील आवृत्तीत पाहावे.

(लाह्या जोरात फुटू लागतात. व्याख्याते त्यांच्यावर आवाज चढवून वाचतात.)

लाहीचे दोन आकार शास्त्राने मानले आहेत. पंख पसरलेल्या, वेड्यावाकड्या लाहीला फुलपाखरू म्हणतात आणि चेंडूसारख्या गरगरीत लाहीला भूछत्री. चित्रपटगृहात फुलपाखरू चालते, कारण ते पिशवीत जास्त जागा व्यापते आणि ग्राहकाला पुष्कळ मिळाल्यासारखे वाटते; पाकात घोळायची असेल तर मात्र भूछत्रीच घ्यावी लागते, कारण उलथने फिरवताना फुलपाखराचे पंख मोडतात आणि परातीत शेवटी उरतो तो चुरा. ज्या दाण्यांचे कवच आधीच तडकलेले असते त्यांची वाफ गुपचूप निसटून जाते आणि ते फुटतच नाहीत. या गणंगांना वेचून काढणे हे मिश्रणकर्त्याचे पहिले कर्तव्य होय, कारण चॉकलेटच्या लेपाखाली लाही आणि गणंग यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, तो दाढेला कळतो, आणि अमेरिकेत दाढेला जे कळते त्याची भरपाई विमा कंपनी करीलच असे नाही.

(टप्प टप्प मंदावते. शेगडी बंद. व्याख्याते झाकण उघडतात, वाफेने चष्मा धुरकटतो. तशाच चष्म्याने पुढचे वाचतात.)

लेपाचे दोन पंथ आहेत. पहिला कॅरॅमलवाल्यांचा. लोणी, गुळासारखी ओलसर ब्राउन शुगर आणि कॉर्न सिरप, म्हणजे मक्याच्याच पिष्टापासून काढलेला, साखरेला खडा धरू न देणारा चिकट पाक, हे तिन्ही उकळून त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की पाक फसफसून वर येतो, त्यात बुडबुडे अडकतात, आणि त्यामुळेच थंड झाल्यावर तो दाताला न चिकटता कुडुमकुडुम तुटतो. हा पाक लाह्यांवर ओतून सुमारे 120 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, दर पंधरा मिनिटांनी ढवळत, सुकवावा लागतो. हा पंथ जुना आणि प्रतिष्ठित आहे. शिकागोच्या रुकहाइम बंधूंनी लाह्या, शेंगदाणे आणि काकवी यांच्या मिश्रणाला 1896 मध्ये ‘क्रॅकर जॅक’ असे नाव दिले आणि 1912 पासून डब्यात खेळणे घालायला सुरुवात केली, तेव्हापासून खाऊ कशासाठी घ्यायचा हा प्रश्न अमेरिकन बालकांनी कायमचा निकालात काढला.

दुसरा पंथ पांढऱ्या चॉकलेटचा. पांढऱ्या चॉकलेटात कोकोचे लोणी असते, परंतु ज्यामुळे चॉकलेटला चॉकलेटचा रंग आणि कडवटपणा येतो तो कोकोचा गर नसतो, म्हणजे तेही सणाला शोभेल असे वेष पालटूनच आलेले असते. ते मंद आचेवर विरघळते, रेशमासारखे ओघळू लागते, पाहणाऱ्याला भरून येते, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यात पाण्याचा एक थेंब पडतो. (पेल्यातला एक थेंब बोटाने उडवतात आणि त्याच्याकडे पाहत राहतात.) कोरड्या साखरेचे कण या थेंबाभोवती गोळा होतात आणि सगळे चॉकलेट पुट्टीसारखे घट्ट बसते, पाण्यात कालवलेला नारिंगी रंग घातल्यावरही हेच होते, म्हणून येथे तेलात कालवलेलेच रंग वापरावेत, असा दंडक आहे. अशा घट्ट गोळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य त्यात आणखी पाणी घालून बघतो, मग दूध घालून बघतो, आणि अखेरीस त्याला ‘भुताचा मेंदू’ असे नाव देऊन टेबलाच्या मधोमध ठेवतो. हॅलोवीन हा एकमेव सण आहे, की ज्यात फसलेल्या पदार्थाचे नाव बदलले की तो जमून गेला असे मानण्यात येते.

(परातीवरचे कापड ओढून काढतात. नारिंगी, जांभळ्या, हिरव्या मिश्रणाची रास. तिच्यावर सर्व बाजूंनी पाहणारे शेकडो साखरेचे डोळे. व्याख्याते नकळत कोटाची गुंडी लावतात. परात थोडी वळवतात. डोळे त्यांच्याकडे पाहतातच.)

डोळे म्हणजे साखरेच्या पांढऱ्या टिकल्या असून त्यांच्यावर काळा ठिपका असतो, आणि ते बसवण्याचा मुहूर्त फार अवघड असतो. लेप ओला असताना ठेवले तर बुडतात, वाळल्यावर ठेवले तर घरंगळतात, आणि ठिपका खाली गेला तर आंधळे होतात. याशिवाय असा एक सूक्ष्म नियम आहे, की डोळे सम संख्येत असले तर मिश्रण गोड दिसते आणि विषम संख्येत असले तर भीतिदायक.

(एक डोळा उचलतात, इकडेतिकडे पाहतात, खातात.)

परंतु या परातीतील सर्वांत गहन प्रश्न डोळ्यांचा नव्हे. तो कँडी कॉर्नचा आहे. (एक तिरंगी गोळी दोन बोटांत उंच धरतात.) कँडी कॉर्न म्हणजे मक्याच्या दाण्याच्या आकाराची, टोकाला पांढरी, मध्ये नारिंगी आणि बुडाशी पिवळी अशी गोळी. ती 1880 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या वुंडर्ली कंपनीतील जॉर्ज रेनिंजर यांनी प्रथम केली असे मानले जाते, आणि पुढे गोएलिट्झ कंपनीने ती डब्यावर कोंबड्याचे चित्र छापून ‘चिकन फीड’, म्हणजे कोंबड्यांचे दाणे, या नावाने विकली. ग्राहकाला खाद्यपदार्थ विकताना तो कोंबड्यांचा आहे असे सांगणारी, आणि तरीही खपणारी, ही जाहिरात वाणिज्यशास्त्राने अद्याप पुरेशी अभ्यासलेली नाही. आता श्रोत्यांनी कृपया लक्ष द्यावे. ही गोळी साखर आणि कॉर्न सिरप यांची असते, म्हणजे मका दळून, त्याचे पिष्ट काढून, त्याचा पाक करून, त्या पाकाला पुन्हा मक्याच्या दाण्याचा आकार देण्यात येतो, आणि मग हा खोटा दाणा त्या खऱ्या दाण्याच्या शेजारी ठेवण्यात येतो, ज्याने स्वतःचा आकार 180 अंशांवर टाकून दिलेला आहे. (आवाज चढत जातो.) परातीत जो मका आहे तो मक्यासारखा दिसत नाही, जो मक्यासारखा दिसतो तो मका नाही, आणि दोघांना एकत्र धरून ठेवणारा जो पाक आहे तोही मक्याचाच आहे! मायेचा दृष्टांत देताना शंकराचार्यांना दोरी आणि साप यांवर भागवावे लागले, कारण त्यांच्या काळी भारतात मका आलेला नव्हता.

(घाम पुसतात. एक मूठ खातात. मग वाचन सुरू.)

हे मिश्रण कोणासाठी करायचे, हा प्रश्न पद्धतशीर मांडला असता असे आढळते, की ते कोणालाच देता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरही काही दशके लोक घरी वळलेले लाह्यांचे लाडू दारात आलेल्या मुलांच्या पिशव्यांत निःशंकपणे टाकीत असत. 1970 च्या दशकात खाऊत विष किंवा ब्लेड असल्याच्या वार्तांनी अशी भीती पसरली, की कारखान्यात बंद झालेल्या वेष्टनाखेरीज सर्व खाऊ संशयित ठरला. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने 1958 पासूनच्या वृत्तपत्रीय बातम्या तपासल्या, तेव्हा अनोळखी घरातल्या खाऊने मूल दगावल्याचे सिद्ध झालेले एकही प्रकरण त्यांना सापडले नाही, परंतु भुतांच्या सणात पुरावा मागणारा मनुष्य नेहमीच एकटा पडतो. मिश्रणात शेंगदाणे असले तर ॲलर्जीचा प्रश्न येतो, ज्यासाठी 2014 पासून ‘टील पंपकिन प्रोजेक्ट’ या उपक्रमात निळसर-हिरवा भोपळा दारात ठेवून, येथे खाऊखेरीज खेळणीही मिळतात, असे सुचवले जाते. आणि चार वर्षांखालील बालकांच्या घशात लाही अडकू शकते म्हणून त्यांना ती देऊच नये, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. यातून उरतात ते ज्यांनी मिश्रण केले तेच. (मूठ.) प्रस्तुत अभ्यासक या निष्कर्षाप्रत अनिच्छेने आला आहे. (दुसरी मूठ.) अत्यंत अनिच्छेने.

येथे 2024 सालाचा उल्लेख करणे भाग आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आश्विन अमावास्या 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी होती, त्यामुळे येथील मराठी घरांत लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच तिन्हीसांजेला येऊन ठेपले. लक्ष्मी यावी म्हणून दार उघडे ठेवायचे, आणि दारातून येणार सांगाडा, चेटकीण आणि दोन स्पायडरमॅन, असा हा प्रसंग होता. लक्ष्मीपुढे साळीच्या लाह्या आणि बत्तासे ठेवलेले असतात, म्हणजे फुटलेले धान्य आणि साखर, म्हणजे पूर्वोक्त व्याख्येनुसार प्रेट्झेल आणि डोळे वगळता संपूर्ण मिश्रणच. परंतु त्यावर कारखान्याचे वेष्टन नसल्यामुळे ते सांगाड्याला देता येत नाही, आणि दुकानातले वेष्टनबंद चॉकलेट लक्ष्मीपुढे ठेवावे तर आजी व्हिडिओ कॉलवर असते.

(व्याख्याते परातीत पाहतात. रास निम्मी झाली आहे. कागदाने ती झाकण्याचा प्रयत्न करतात.)

साठवणीविषयी थोडक्यात. हे मिश्रण हवाबंद डब्यात ठेवावे, अन्यथा लाह्या सादळतात. सादळलेले मिश्रण 1 नोव्हेंबरला कार्यालयातील कॉफीच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवावे, जेथे ते दुपारपर्यंत संपते आणि कोणी खाल्ले हे कधीही उघड होत नाही. त्याच दिवशी दुकानांतून नारिंगी आणि जांभळा माल अर्ध्या किमतीत जातो आणि त्याच फळ्यांवर लाल आणि हिरवा चढतो. कृती तीच, लाही तीच, पाक तोच, केवळ भुताच्या जागी हिममानव. त्यामुळे परातीतील नारिंगी आणि जांभळ्या वस्तू तेवढ्या वेचून खाल्ल्या असता उरलेले हिरवे-पांढरे मिश्रण नाताळसाठी जसेच्या तसे वापरता येते, असा सिद्धांत प्रस्तुत अभ्यासक मांडू इच्छितो. डोळे काढण्याची आवश्यकता नाही, कारण नाताळबाबाही वर्षभर मुलांवर नजर ठेवून असतो.

(खुर्ची ओढून बसतात, बाह्या सरसावतात आणि नारिंगी गोळ्या वेचून तोंडात टाकू लागतात.)

प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेला वेळ या कामी वापरण्यात येईल.

(पडदा.)