परसातला बंब

रेडिंग, शनिवार

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आईला आधी सांगून टाका, की घेतला. हो, तोच हॉट टब. "एवढा मोठा बंब कशाला?" असं ती म्हणाली होती. बंबच आहे, फक्त पाणी काढून घ्यायचं नाही, आपणच आत जाऊन बसायचं. हजारएक लिटर पाणी, तीन किलोवॉटचा हीटर, वर पंप. साध्या प्लगवर भागेना, म्हणून बत्तीस अँपिअरची वेगळी लाइन आणि परसात आयसोलेटर.

मला वाटलं, एमएसईबीच्या वायरमनचा मुलगा मी. आयसोलेटर म्हणजे मेन स्विचचाच धाकटा भाऊ! टेबलावर उघडून बसलो. हिने मुकाट्याने इलेक्ट्रिशियनला फोन लावला. बरंच झालं, कारण मी निळी वायर फेज धरून चाललो होतो. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल. इथे तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. शिवाय इंग्लंडात घरात नवं सर्किट ओढलं की त्याची नोंद करावी लागते. हा नियम २००५ सालचा. तुमच्या एमएसईबीचे तुकडे झाले, त्याच वर्षी इथल्या हौशी वायरमनांचे पंख छाटले.

इलेक्ट्रिशियन साठीचा, गुडघे कुरकुरणारा. मेन बंद केलं तरी त्याने टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून पाहिला, मग बंद लाइनला, मग पुन्हा चालू पॉइंटला. बाबा, हुबेहूब तुम्ही! फक्त पायात रबरी चप्पल नव्हती.

मी म्हटलं, आयसोलेटर टबाला खेटून बसवा, आत बसल्याबसल्या चालू-बंद करता येईल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भाजीच्या सुरीने स्क्रू पिळताना तुम्ही पाहायचात. पाण्यातल्या माणसाचा हात पोचता कामा नये, म्हणून टबापासून दोन मीटर लांब. पण टबाशी काम करणाऱ्याला दिसेल असा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो आणि बंद केला की त्याला कुलूप घालता येतं. लाइनवर काम करताना तुम्ही फ्यूज काढून खिशात घालायचात ना, कोणी शहाणा परत बसवू नये म्हणून? ते खिशाचं काम इथे कुलूप करतं. चिलखती केबल डब्यात खालून ग्लँडमधून घेतली, पाऊस आत शिरू नये म्हणून.

मग अर्थिंग. आमच्या घराचं अर्थिंग कंपनीच्या न्यूट्रलमधूनच येतं. रस्त्यात कुठे तो न्यूट्रल तुटला, तर अर्थच जिवंत व्हायचा, आणि ओल्या अंगाने, अनवाणी हिरवळीवर उभा माणूस मधे सापडायचा. म्हणून टबासाठी हिरवळीत वेगळा रॉड ठोकला आणि लाइनवर तीस मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीडी बसवला.

मी विचारलं, "कोळसा-मीठ नाही घालायचं?" तो बघतच राहिला. उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायला लावायचात, तेही सांगितलं. त्याने वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते काम इथे परस्पर होतं." पाऊस सुरू झालाच होता.

आरसीडीचं टेस्टचं बटण मी स्वतः दाबलं, खटकन पडला. त्यानंतरच मुलांना पाण्यात सोडलं.

मे महिन्यात याल तेव्हा टेस्टर आणू नका. म्हणजे आणालच; निदान हँडबॅगेत नको, मोठ्या बॅगेत घाला.

आपला,
बाळू